भोंग्याची हाक

भोंग्याच्या घरात मोठ्यानं बोलायला बंदी होती. हे ऐकून लोक हसायचे, कारण भोंगा म्हणजे फळबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. त्याचा आवाज एकदा लागला की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला चहा पीत बसलेला व्यापारीही कप खाली ठेवून बोली लावायचा. सकाळी गाड्या यायच्या, पेट्या उतरायच्या, भोंगा लाकडी फळीवर चढायचा, आणि 'एक वार'च्या आधी तो जे काही ऐकवायचा ते ऐकायला ज्यांना काही घ्यायचं नाही तेसुद्धा थांबायचे. निम्म्या सडलेल्या संत्र्यांच्या पेटीचं तो असं काही वर्णन करायचा, की घेणाऱ्याला वाटावं, आपल्यावर उपकारच झाले. सगळा आवाज तिथे ओतून तो घरी यायचा आणि तोंडाला कुलूप लावायचा.

खरं म्हणजे कुलूप लावलं होतं त्याच्या बायकोनं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐन हंगामात त्याचा घसा बसला, आणि दुसराच कोणीतरी त्याच्या फळीवर चढला. तेव्हापासून बाईनं धसका घेतला. कोमट पाणी, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, गारठ्यात खिडक्या बंद, आणि घरात आल्यावर एक शब्द नाही. "या गळ्यावर घर चालतंय," ती म्हणायची. "चार शब्द वाचवाल तर उद्या कामाला येतील." भोंग्यानं कधी हुज्जत घातली नाही. हुज्जत घालायला बोलावं लागलं असतं.

त्याला काही हवं असलं की तो पेल्यावर चमचा वाजवायचा. एकदा वाजवला की पाणी. दोनदा वाजवला की 'ठमे, इकडे ये'. ठमी ही त्यांची एकुलती एक मुलगी. चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं तिचं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. तळहात उताणा म्हणजे हो, पालथा म्हणजे पुरे. आणि याच्या पलीकडचं जे काही असेल ते आई त्याच्या चेहऱ्याकडे बघून सांगायची.

"बाबा म्हणतात, परीक्षेला घाबरू नकोस, तू हुशार आहेस." "बाबा म्हणतात, यंदा पडदे बदलून टाकू." "बाबा म्हणतात, मुलगा बरा आहे, फक्त हसतो फार." ठमी या 'बाबा म्हणतात'वर वाढली. इतरांचे बाप ओरडायचे, टाकून बोलायचे, नको तिथे नाक खुपसायचे. आपले बाबा मोजकंच बोलतात पण लाख मोलाचं बोलतात, असा तिचा समज होता, आणि त्याचा तिला अभिमानही होता. एकाच गोष्टीचं वाईट वाटायचं. संध्याकाळी अंगणात खेळ रंगला की एकेका खिडकीतून एकेक बाप आपल्या पोराला हाक मारायचा. ठमीच्या खिडकीतून आई ताटावर पळी बडवायची. "ठमे, तुझं ताट वाजलं," पोरं खिदळायची. मग ती मुद्दाम सगळ्यांत शेवटी घरी जायची.

लग्न होऊन ती निघाली तेव्हाही बाबा दारात मफलर गुंडाळून उभे होते आणि आई शेजारी. "बाबा म्हणतात," आई डोळे पुसत म्हणाली, "ठमी गेली की हे घर मुकं होईल." हे वाक्य ठमीनं आयुष्यभर जपलं. नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, नोकरीत कोणी पाणउतारा केला, की ती ते मनातल्या मनात काढून बघायची आणि परत ठेवून द्यायची.

आई गेली आणि घर खरोखरच मुकं झालं. बाजार कधीच सुटला होता, गळा राखायचं काही कारण उरलं नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय काय अशी सुटते? ठमी फोन करायची. पलीकडून श्वास ऐकू यायचा, मग 'हं', मग आणखी एक 'हं'. जेवलात का, हं. पाय दुखतोय का, हं. तिलाही फारसं रेटता यायचं नाही. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घ्यायच्या खात्यात ती कामाला होती. दिवसभर कानाला यंत्र लावून चिडलेल्या लोकांशी गोड बोलायचं, आणि घरी येऊन गप्प बसायचं. "तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर मीही तक्रारच नोंदवू का?" नवरा विचारायचा. बापाच्या वळणावर गेलीस, असंही म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

मग बाबांचा आवाज घोगरा झाला आणि घोगराच राहिला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यातला एक भाग पेनानं खोडला आणि म्हणाले, हे सगळं काढावं लागेल. मानेला पुढून भोक राहील, श्वास तिथून. पुढे शिकवणी घेऊन, यंत्र लावून काहीजण बोलतात, पण तो आवाज वेगळा. पाण्यात उतरणं, होडीत बसणं मात्र कायमचं बंद.

"पुढच्या सोमवारी करू," डॉक्टर म्हणाले. "तोवर काय बोलायचं ते बोलून घ्या."

ठमीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तळहात उताणा केला.

त्याच दिवशी तिनं रजा टाकली. बाबांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वरच्या भिंतीवर एक फार जुनं कॅलेंडर होतं. तारखा केव्हाच फाटून गेल्या होत्या, चित्र तेवढं राहिलं होतं: समुद्रातून उभा कडा, त्याच्या पायाशी काळ्याभोर गुहा, आणि एका गुहेच्या तोंडाशी इवलीशी लाल होडी. आई भाजी चिरता चिरता त्याच्याकडे बघायची. "बाबा म्हणतात, एकदा आपण तिघं तिथे जाऊ." हंगाम आला, गेला, पुन्हा आला, आणि जाणं राहिलंच. आता सोमवारनंतर बाबांना होडीत पाय ठेवता येणार नव्हता.

"बाबा, गुहा बघायला जायचं?" तिनं चित्राकडे बोट दाखवून विचारलं. बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग तळहात उताणा.

तिला काय हवं होतं ते तिनं नवऱ्यालाही धड सांगितलं नाही, पण तिच्या मनात ते स्वच्छ होतं. आईनं सांगितलेल्या इतक्या वाक्यांपैकी एक, कुठलंही एक, तिला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. सोमवारच्या आत.

समुद्रकाठच्या त्या लहानशा हॉटेलात खोली बरी होती. दोन पलंग, मध्ये एक छोटं टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि काचेचे दोन पेले. बाबांनी पोचल्या पोचल्या खिशातून चमचा काढून पेल्याशेजारी ठेवला. घरून आणला होता! ठमीला हसावं की रडावं कळेना. ती बोलत राहिली. खिडकीतून दिसणाऱ्या बोटींबद्दल बोलली, शेजारच्या खोलीतल्या जोडप्याबद्दल बोलली, आईबद्दल बोलली. मध्ये मध्ये मुद्दाम जागा सोडली, की आता बाबा काही म्हणतील. बाबा ऐकायचे, मान हलवायचे, मफलर घट्ट करायचे. जेवताना एकदा "मीठ" म्हणाले. ठमीनं मीठ दिलं आणि पुढचा शब्द येईल म्हणून घास हातात धरून बसली. आला नाही.

कशासाठी राखताय आता, बाबा? हे तिच्या अगदी ओठांवर यायचं. पण सोमवारी ज्याचा गळा कापायचा आहे त्याला असं कसं विचारायचं?

दोन दिवस समुद्र खवळलेला होता. त्यांनी बंदरातल्या शांत पाण्यात कयाक चालवायचा सराव केला. कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी, दोघांची. पुढे एक, मागे एक. मागच्यानं दिशा सांभाळायची, म्हणून ठमी मागे. त्यामुळे बाबांची फक्त पाठ दिसायची, लाइफ जॅकेट आणि त्याच्यातून डोकावणारा मफलर. "काकांना मफलर काढायला सांगा, ओला होईल," होडीवाली म्हणाली. ही होडीवाली दांडगी, उन्हानं रापलेली बाई होती, आणि एकदा बोलायला लागली की तिला आवरणं कठीण. ठमीनं मान हलवली. मफलर काढायला सांगणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत झाला. ओहोटी लागलेली, वारा पडलेला. "आज गुहा दर्शन देणार," होडीवाली म्हणाली. इंजिनाच्या होडीच्या मागे कयाक बांधून ती त्यांना कड्याखालून घेऊन निघाली. एकामागून एक गुहा येत होत्या. काही नुसत्या भेगा, काहींत पाणी घुसून आतून धप्प असा आवाज करत होतं, आणि एकीत वरून भोक पडून उजेडाचा खांब थेट पाण्यात उतरला होता. होडीवाली प्रत्येकीची कुंडली सांगत होती. ठमीला मळमळत होतं. होडीचं इंजिन सुरू झालं की तिच्या पोटात ढवळायचं. सकाळी तिनं गुपचूप गोळी घेतली होती. बाबा सरळ समोर बघत, होडीची कड धरून बसले होते. किती दिवसांची इच्छा पुरी होते आहे, तिला वाटलं, आणि तिनं मळमळ गिळून टाकली.

सगळ्यांत मोठ्या गुहेपाशी होडीवालीनं इंजिन बंद केलं. "आत खडक वर आलेत, माझी होडी जात नाही. तुम्ही कयाकनं जा. हा लांब दोर मागे बांधते, त्याचं टोक माझ्या हातात. भ्यायला झालं तर दोर ओढा, मी खेचून घेते. आणि आत जाऊन ओरडा बरं का! सगळे ओरडतात. आवाज असा घुमतो की स्वतःचाच हेवा वाटेल."

त्या दोघांना ओरडायला सांगणारी ती पहिलीच बाई असावी.

आत शिरल्यावर उन्हातून सावलीत आल्यानं आधी काही दिसलंच नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. छत उंच, ओलं, त्यावर पाण्यातून उसळलेला हिरवा उजेड हलत होता. पक्ष्यांच्या विष्ठेचा आणि शेवाळाचा वास. थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाचा आवाज भिंतीवरून फिरून परत येत होता. पुढे गुहा अरुंद होत गेली होती, आणि तिच्या पार टोकाला नुसता अंधार होता. ठमीनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. कयाक संथ डुलत राहिली.

बाबांनी वल्हं कधीच सोडून दिलं होतं. दोन्ही हातांनी कयाकची कड घट्ट धरली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि मान ताठ.

"नुसतं बघा बाबा, वल्हं नाही मारलंत तरी चालेल," ठमी म्हणाली. "इतकी वर्षं यायचं होतं ना तुम्हाला."

"मला?" बाबा म्हणाले.

"हो. ते कॅलेंडर. आई म्हणायची ना, बाबा म्हणतात एकदा आपण तिघं जाऊ."

थेंब पडत राहिले. बाबांची पाठ हलली नाही.

"मला पाण्याची भीती वाटते, ठमे," ते म्हणाले.

पूर्ण वाक्य होतं. घोगरं, किनारी झिजलेलं, पण गुहेनं ते उचलून असं काही परत दिलं की ठमीच्या अंगावर काटा आला. आणि मग त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला.

"मग आलात कशाला?"

"तुला यायचं होतं म्हणून."

"मला? अहो, मला होडीत उलटी होते!"

बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. घशातून नुसती खरखर येत होती, पण हसत होते. ठमीही हसली, पोट धरून हसली, कयाक डगमगली तशी बाबांनी कड आणखी घट्ट धरली, आणि त्यावर ती आणखी हसली. दोन माणसं, एकाला पाण्याची भीती, दुसरीला होडी लागते, आणि दोघं पैसे भरून समुद्राच्या पोटात येऊन बसलेली. आई असती तर म्हणाली असती, बाबा म्हणतात—

हसू तिथेच अडलं.

"तिला यायचं होतं गं," बाबा म्हणाले. "तिला."

ठमीला भाजी चिरणारे आईचे हात दिसले. पडदे दिसले. नवे पडदेही आईलाच हवे होते तर. स्वतःला काही हवं आहे असं म्हणायची त्या बाईला आयुष्यात कधी सोय नव्हती, म्हणून ती सगळं नवऱ्याच्या नावावर मागायची. आणि नवरा तर बोलतच नव्हता. ठमीला आईची फार दया आली. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते विचारावंसं वाटत नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"आणि बाकीचं, बाबा?"

"काय बाकीचं?"

"मी हुशार आहे ते. मी गेले की घर मुकं होईल ते. लग्नाच्या वेळी, दारात."

ते सहज हो म्हणू शकले असते. हो म्हणायलाही लागत नव्हतं, तळहात उताणा केला असता तरी भागलं असतं. ठमी त्यांच्या हाताकडे बघत राहिली. हात कडेवरच राहिला.

"नाही," बाबा म्हणाले. थांबले. आवंढा गिळताना त्यांना दुखलं, ते मागूनही कळलं. "मी पण तिच्याकडूनच ऐकायचो, मी काय म्हणालो ते." पुन्हा थांबले. "ऐकून वाटायचं, बरोबर बोललो."

दिवसभर शिव्या खाऊन "आपली तक्रार नोंदवली आहे" असं म्हणणाऱ्या ठमीचा तोल त्या क्षणी सुटला. आयुष्यभर जे जपलं ते आईनं उभ्या उभ्या रचलेलं होतं, आणि बापानं ते शेजारी उभं राहून फुकटात ऐकलं होतं.

"अख्ख्या बाजाराशी बोललात तुम्ही!" ती ओरडली. "सडक्या संत्र्यांबद्दल तासन् तास बोललात! माझ्याबद्दल एक वाक्य नव्हतं तुमच्याकडे? एक?"

गुहा दणाणली. वरून दोन पक्षी फडफडत उजेडाकडे गेले. ठमीनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. आपण बाबांसमोर ओरडलो, या वयात, आणि पहिल्यांदाच. लहानपणची भीती अजून तशीच होती. आता स्वयंपाकघरातून आई येईल आणि ओठांवर बोट ठेवेल.

पाणी भिंतीला लागत होतं, मागे सरत होतं.

"मला लिलावच येतो बोलायला," बाबा म्हणाले. हळू, एकेक शब्द शोधून. "दुसरं जमलंच नाही. सवय गेली. पण एक होतं, ठमे."

तिनं तोंडावरचा हात खाली घेतला.

"संध्याकाळी सगळ्यांचे बाप हाका मारायचे. मी पडद्यामागे उभा असायचो."

"तुम्ही? खिडकीत?"

"रोज. ती ताट वाजवायची, मी मागे. तू सगळ्यांत शेवटी यायचीस. पाय ओढत. सगळी पोरं गेली तरी तू एकटीच तिथे, त्या पाण्याच्या टाकीजवळ." त्यांना खोकला आला. तो ओसरेपर्यंत ते थांबले. "रोज हाक घशाशी यायची. एकदा मारू, असं वाटायचं. एकदाच. पण दुसऱ्या दिवशी बाजार असायचा."

"बाबा, पुरे. दुखतंय तुम्हाला."

"आता कुठे बाजार आहे?" बाबा म्हणाले.

त्यांनी एक हात कडेवरून सोडवला. मग दुसरा. कयाक हलली, पण त्यांनी पुन्हा कड धरली नाही. मफलरची गाठ सोडली, एकेक वेढा काढला आणि तो मांडीवर ठेवला. त्यांची मान मागून इतकी बारीक झालेली ठमीनं पाहिलीच नव्हती. मग त्यांनी पाठ सरळ केली. फळीवर उभे राहायचे तेव्हा करत असतील तशी. ठमीला ठाऊक नव्हतं. तिला बाजारात जायलाही आईची मनाई होती.

"ठमेऽऽऽ!"

तो आवाज कुठून आला देव जाणे. रोगानं पोखरलेल्या, सोमवारी काढून टाकायच्या त्या गळ्यातून तो निघाला आणि त्यानं गुहा भरून गेली. फाटका होता, पण केवढा होता! छताला लागला, टोकाच्या अंधारात गेला, तिथून फिरून परत आला, आणि तो परत येईपर्यंत बाबांनी पुढचा टाकला.

"ठमेऽऽ, घरी ये गंऽऽ! अंधार झालाऽऽ!"

अंधार झालाऽऽ, सगळ्या भिंती म्हणाल्या. ठमे, घरी ये. कुठल्या तरी कपारीत अडकलेला एक तुकडा सगळ्यांत शेवटी आला: ये गं. ते तिच्याकडे वळून ओरडत नव्हते. समोर, गुहेच्या टोकाला, जिथे काही दिसत नव्हतं तिथे बघून हाक मारत होते, जणू ती तिथेच असेल, पाण्याच्या टाकीजवळ, फ्रॉकमध्ये, मातीनं भरलेल्या पायांची. आणि मान थोडी तिरकी करून ते थांबले होते.

ते कशाची वाट बघताहेत हे ठमीला कळलं. हाक मारली की पोरानं ओ द्यायची असते. अंगणातली सगळी पोरं द्यायची. 'आलोऽऽ' म्हणायची आणि तरी खेळत राहायची. तिला आयुष्यात कधी ओ द्यावी लागली नव्हती, ताटाला कोण ओ देतं? तिनं तोंड उघडलं. एवढा एक शब्द, 'आले', तो तिला काही केल्या उच्चारता आला नाही.

बाबांनी वाट पाहिली. मग पुन्हा छाती भरली.

"ठमेऽऽ, कुठे—"

आवाज मध्येच चिरफाळला आणि तुटला. उरलेलं वाक्य नुसत्या हवेचं आलं. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. ओठ हलले असावेत, खांदे वर झाले, पण काहीच आलं नाही. गुहेनं त्यांची अर्धी हाक दोनदा परत दिली आणि तीही थांबली.

बाबांनी मांडीवरचा मफलर उचलला, नीट सरळ केला आणि होता तसा गळ्याभोवती गुंडाळला. गाठ मारली. ते पाहून ठमीला आवरलं नाही. ती त्यांच्या पाठीमागे बसून रडली, आवाज न करता, जशी त्या घरात रडायची पद्धत होती. मग तिनं दोर ओढला.

बाहेर ऊन होतं. "काय आवाज आहे हो काकांचा!" होडीवालीनं त्यांना वर घेता घेता दहादा म्हटलं. "इथपर्यंत आला! इतक्या लोकांना आणलं, पण असा नाही ऐकला. गाता की काय? आणखी एकदा होऊन जाऊ दे की, काका." बाबा हसले आणि त्यांनी तळहात पालथा केला. पुरे. होडीवालीला त्याचा अर्थ कळला नाही. तिनं त्यांना एक संत्रं दिलं.

त्यानंतर सोमवारपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. बोलत नव्हते की बोलता येत नव्हतं, हे ठमीनं विचारलं नाही. परतीच्या वाटेवर, घरी, डॉक्टरांच्या खोलीत ती सारखी एकच गोष्ट मनात घोळवत होती. बापानं जन्मात एकदा हाक मारली, आणि आपण ओ दिली नाही. वाक्य मागत होते मी, आणि मिळालं तेव्हा माझ्याच तोंडाला कुलूप. शस्त्रक्रियेसाठी त्यांना आत नेताना तिला वाटलं, आता म्हणावं. पण चाकांचा पलंग, हिरव्या कपड्यांतली माणसं, सगळे घाईत. ती म्हणाली, "बाबा, काळजी करू नका." तक्रारखात्यात म्हणायची तसं.

शस्त्रक्रिया चांगली झाली, असं डॉक्टर म्हणाले. बाबांच्या मानेत नळी होती, तिच्यातून श्वास शिटीसारखा ये-जा करत होता. नर्सनं लिहायला पाटी आणि पेन्सिल दिली. बाबांनी पाटी बाजूला ठेवली आणि उशीखालून चमचा काढला. तो तिथे कसा पोचला, हे नर्सला कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी पाणी भरायला गेली होती. पाण्याचं यंत्र लांबलचक कॉरिडॉरच्या पार टोकाला होतं. दोन्ही बाजूंना वॉर्ड, खुर्च्यांवर पेंगणारे नातेवाईक, भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी. बाटली निम्मी भरली होती, आणि कॉरिडॉरच्या त्या टोकावरून आवाज आला. काचेवर चमचा. दोनदा.

ठमे, इकडे ये.

ठमीनं बाटली तशीच नळाखाली सोडली.

"आलेऽऽऽ!" ती ओरडली. इतक्या मोठ्यानं, की खुर्चीत पेंगणारा एक म्हातारा दचकून उभाच राहिला. "आलेऽऽ, बाबा! आले!"

"अहो बाई, हळू! हे हॉस्पिटल आहे," नर्स धावत आली. ठमी तिला ओलांडून गेली. लांब कॉरिडॉरमधून ती पळत होती आणि ओरडत होती. दारं उघडत होती, माणसं बघत होती, कोणाचं काय झालं म्हणून कोणी विचारत होतं, आणि ती कोणालाच काही सांगत नव्हती.

बाबा उशीला टेकून बसले होते. चमचा हातात तसाच होता, मान थोडी तिरकी, दाराकडे. नळीतून श्वास जोरजोरात शिटी वाजवत होता. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ठमी पलंगाशी येऊन उभी राहिली, धापा टाकत, त्यांच्या अगदी समोर. तरी त्यांनी पेल्यावर पुन्हा दोनदा चमचा वाजवला, आणि तिनं पुन्हा ओ दिली.